नवा ट्रिगर घेण्याआधी

थांब रे बाबा, नेम चुकतो म्हणून पिस्तुलाला नवा ट्रिगर घ्यायचा म्हणतोस, पण फोंड्याच्या दमट हवेत घाम आला म्हणून नेम चुकतो असं नाही, आणि महागडा ट्रिगर बसवला म्हणून तो सुधारेल असंही नाही. दहा मीटर एअर पिस्तूलच्या सामन्यात ट्रिगर ओढायला 500 ग्रॅमपेक्षा कमी जोर लागलेला चालतच नाही. ट्रिगरला तेवढं वजन टांगून तपासतात.

हिशेब बघ. पिस्तुलावर नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, म्हणजे दोन साइट्स, यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर. ट्रिगर ओढताना पुढचा साइट 1 मिलिमीटर सरकला, तर लक्ष्यावर 3 सेंटिमीटरचा फरक पडतो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे दहाचा नेम थेट सातवर! ही चूक बोटाची; बाजारात तिचा सुटा भाग मिळत नाही.

म्हणून रोज घरी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री कर, ड्राय-फायरवर (छर्रा न उडता नुसता ट्रिगर ओढायची सोय) टाक आणि कोऱ्या भिंतीकडे धर. नजर फक्त पुढच्या साइटवर. ट्रिगर सुटल्यावरही हात लगेच खाली नको.

पैसे घालवायचेच असतील तर लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, हाताच्या मापाची करून घे, तेवढं मला पटतं. आणि पावसाळ्यात लोखंडी भागांना तेलाचा हलका हात फिरव, गंज इथे फार लवकर धरतो.