नागपुरात भाड्याचा फ्लॅट घेतोयस? आधी हे बघ

भाऊ, टॉप फ्लोअरचा फ्लॅट उगाच स्वस्तात मिळत नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत तापलेला राहते. घ्यायचाच असेल तर मालकाला उन्हाळ्याआधी गच्चीवर चुना मारून मागायचा.

कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लाव आणि समोरची खिडकी नाहीतर दार थोडं उघडं ठेव. नवीन आलेले लोक सगळं बंद करून बसतात अन् मग चिपचिप होते म्हणून कूलरलाच शिव्या देतात, अरे ओली हवा बाहेर जायला जागा तर पाहिजे ना! पाणी भरताना प्लग काढूनच, अर्थिंगही वायरमनकडून चेक करून घे, यात आळस नको बावा.

मीटर वेगळं आहे का ते विचार. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटनंतर चढत जाते, म्हणून दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की महागडा स्लॅब लवकर लागतो. सबमीटर असेल तर युनिटचा रेट अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घे. २०० वॅटचा कूलर पाच तासांत एक युनिट खातो, हिवाळ्यात २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासातच.

पावसाळ्यात कूलरचा पंप बंद, टाकी कोरडी कर, नाहीतर डास.