बाँड आहे म्हणून नोकरी सोडता येत नाही?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर. हिंजवडीतल्या एका कंपनीत लागून 14 महिने झाले. डिझाइनचं काम म्हणून घेतलं, प्रत्यक्षात दिवसभर एक्सेलमध्ये पार्ट नंबर भरतो. सकाळी निघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन वर्षांचा बाँड आहे, आधी सोडलं तर तीन लाख भरायचे. डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा चेक कंपनीकडे आहे. सोडलंस तर केस करू, असं एचआर सांगतात. घरचे म्हणतात, दहा महिने कसेबसे काढ. काय करू?

उत्तर : तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला तिथे राबवून घेण्याचा अधिकार कंपनीला नाही, कोर्टालाही नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 14 मुळे अशा नोकरीच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. भांडण उरतं ते पैशाचं.

पण ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ असं मित्र सांगत असतील तर ऐकू नका. विजया बँकेच्या प्रकरणात मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तिथे सरकारी बँकेच्या खुल्या भरतीचा खर्च आणि वेळ हा मोठा मुद्दा होता. खासगी कंपनीला आपलं नुकसान स्वतः मांडावं लागेल. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तीन लाख ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. म्हणून तुम्हाला कसलं प्रशिक्षण मिळालं, किती दिवस, कुणी दिलं, हे तारखांसह आजच लिहून काढा. समजा कंपनीने बाहेरच्या संस्थेला तुमच्यासाठी खरोखर 90,000 रुपये भरले असतील, तर 24 पैकी 10 महिने उरलेत, या हिशेबाने 37,500 वर तडजोड मागता येते. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवले असतील तर कंपनीची बाजू लंगडी आहे.

बाँडच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असं कलम आहे का तेही बघा. 1967 च्या गोलिकारी प्रकरणात कल्याणच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मध्येच सोडून दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला आणि सुप्रीम कोर्टाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. त्याला उत्पादनाची गुपितं शिकवलेली होती. पार्ट नंबर भरणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, तरी ते कलम वाचल्याशिवाय नवी ऑफर स्वीकारू नका.

मला खरी काळजी आहे ती चेकची. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटी दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं. उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं, आणि चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली होणारा खटला फौजदारी असतो. नुसतं ‘स्टॉप पेमेंट’ करून सुटका होत नाही, थांबवलेल्या चेकवरही खटला होतो. म्हणून चेक बँकेत जाण्याआधी पत्र पाठवा : ‘चेक क्र. अमुक हा रुजू होताना केवळ तारण म्हणून कोरा घेतला होता. माझ्याकडून कोणतीही रक्कम देय नाही, चेक परत करावा.’ नंबर टिपलेला नसेल तर चेकबुकातल्या आधीच्या आणि नंतरच्या चेकवरून निघतो. तरीही चेक टाकला आणि नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून 15 दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. पुष्कळजण घाबरून नोटीस घेतच नाहीत आणि तिथेच फसतात.

मूळ प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा हक्क मालकाला नाही. देण्यापोटी कागद अडवण्याचा जो हक्क करार कायद्याच्या कलम 171 मध्ये आहे, तो बँकर वगैरे मोजक्यांनाच आहे. त्याच पत्रात प्रमाणपत्र सात दिवसांत मागा. नाहीच दिलं तर दिवाणी दावा लावून परत मिळवता येतं.

आता राजीनामा. न सांगता कामावर जाणं बंद करू नका. तसं केलंत तर ‘फरार’ असा शेरा बसतो आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीत तोच पुढे येतो. नेमणूकपत्रात नोटीस 60 दिवसांची असेल तर ईमेलमध्ये शेवटच्या दिवसाची तारीख घाला, खासगी ईमेलवर प्रत ठेवा, छापील प्रत स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. वैताग, शिव्याशाप, ‘मी बाँड मोडत आहे’ असलं काही लिहू नका. पगाराच्या स्लिपा, बाँडची प्रत, प्रशिक्षणाचे मेल आधी काढून घ्या, कारण राजीनाम्याच्या दिवशीच लॉगिन बंद होऊ शकतं. क्लायंटच्या फाइली मात्र घरी नेऊ नका, त्याने उलटी तक्रार तुमच्यावर येईल.

शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटरचं आमिष दाखवून ‘तीन लाख देणं मान्य’ अशा कागदावर सही मागतील. ती करू नका. बाकी पगारासाठी वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. तो अडवला तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.