ब्रेक दाबला की गाडीचा इंडिकेटरही मिणमिणतो, अख्खी टेललाइट बदलायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा वर्षांची वॅगनआर आहे. डाव्या बाजूला ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधूक लागतो, रात्री पार्किंग लाइट चालू असेल तर ती ब्रेक दाबल्यावर वाढायच्या ऐवजी मंद होते, आणि गॅरेजवाला म्हणतोय ‘असेंब्ली गेली, पूर्ण बदलू’. अजून पैसे देऊ नका. तुमचं वर्णन वाचून मला हसूच आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी याच लक्षणांवर तीन बल्ब बदलून बसलोय.

मी मेकॅनिक नाही. चिपळूणला राहतो, कामासाठी कुंभार्ली घाट चढून कराडला येणं-जाणं असतं. जुलैत त्या घाटात धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके हाच रस्ता. एकदा कोयनानगरला चहाला थांबलो, तर मागून आलेला टेम्पोवाला माझ्यावर भडकलेला. ‘काका, ब्रेक मारता तेव्हा तुमची लाइट विझते. मी मागून काय समजायचं?’ तोवर माझी समजूत अशी की लाइट एकतर लागते किंवा जाते. ब्रेक मारल्यावर विझते हा प्रकार मला माहीतच नव्हता.

कारण असं. मागच्या त्या लाल दिव्यात एकच बल्ब दोन कामं करतो. २१/५ वॅटचा म्हणून मागितला तर दुकानदार देतो. आत दोन तारा असतात, ५ वॅटची पार्किंगला आणि २१ वॅटची ब्रेकला. शेजारी इंडिकेटरचा आणि रिव्हर्सचा बल्ब. या सगळ्यांना वीज वेगवेगळ्या वायरीने येते, पण परत जायला वाट एकच, म्हणजे अर्थ (अर्थिंगची वायर, जी गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेली असते). ती वाट होल्डरच्या पिनवर किंवा बॉडीला जिथे जोडली आहे तिथे गंजली, की ब्रेकची वीज दुसरी वाट शोधते. ती इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून बॉडीला जाते. दोन बल्ब असे एकामागे एक पडल्याने दोन्ही मिणमिणतात. आज रात्री नीट बघा, ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डवरचा डावीकडचा हिरवा बाणही अंधूक दिसतो का. दिसला तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

तपासायला हातभर वायर पुरते. डिकीचं दार उघडलं की दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात, ते काढा. मग दिवा सरळ मागे ओढा. बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या रबरात रुतलेल्या असतात, त्यामुळे तो पहिल्यांदा हलतच नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होईल, पण तसं केलंत तर बॉडीचा रंग तरी उडेल नाहीतर खुंटी तरी तुटेल. तळहाताने आतून ठोकत ठोकत सैल करा. दिवा हातात आला की पार्किंग चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. होल्डरच्या अर्थच्या पिनला (मारुतीत ही वायर बहुतेक काळी असते) वायरचं एक टोक लावा आणि दुसरं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडावर, एखाद्या बोल्टवर टेकवा. दिवा एकदम लखलखीत झाला आणि इंडिकेटर विझला, तर चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून तीच पिन आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. जवळपास शून्य यायला हवेत. एक-दोन व्होल्ट जरी दिसले तरी अर्थ खराब आहे.

मग उपाय काय, तर पॉलिश पेपर. होल्डरमधली पितळी पट्टी हिरवट झालेली असेल, ती घासून चकचकीत करा आणि पट्टीची पकड सैल झाली असेल तर पातळ नाकाच्या पकडीने किंचित आत वाकवा. वायर बॉडीला जिथे जोडली आहे तो बोल्ट काढून खालचा गंज खरवडा आणि घट्ट आवळून वरून थोडं ग्रीस फासा. कोकणात ग्रीसचा कंटाळा करायचा नाही, इथली हवा पितळही खाते. होल्डर जळून वितळला असेल तर मात्र घासून उपयोग नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला नुसता होल्डर वायरीच्या शेपटासकट मिळतो.

माझ्या वेळी काय झालं, तर बल्ब बदलला की दोन दिवस ठीक चालायचं. बल्ब काढता-घालताना पिना जरा घासल्या जायच्या म्हणून. मला वाटायचं बल्बच भिकार कंपनीचे. शेवटी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने पाच मिनिटांत पॉलिश पेपर फिरवला आणि पैसेसुद्धा घेईना. म्हणून माझं मत असं, की दिव्याची तक्रार घेऊन आधी वायरिंगवाल्याकडे जा, गॅरेजकडे नंतर. गॅरेजला सुटा भाग बदलणं सोपं पडतं. सगळेच लबाड असतात असं नाही, पण वायर शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

अर्थ ठीक निघाला तर बल्ब बघा. काच आतून काळवंडली असेल तर तो लवकरच जाणार. पांढरी राख दिसली तर काचेत हवा शिरली, तो गेलाच. नवा बसवताना एक गंमत लक्षात ठेवा: या बल्बाच्या दोन बाजूंच्या खुंट्या एकसारख्या उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. बसत नाही म्हणून जोर लावून उलटा कोंबणारे लोक मी पाहिलेत. मग पार्किंग भगभगीत आणि ब्रेक मंद. पुढच्या हॅलोजनला बोट लागू द्यायचं नाही म्हणतात ते खरं आहे. हा साधा बल्ब आहे, त्यामुळे तेवढं सोवळं नको, फडक्याने पुसलात तरी पुरे. दर दोन-तीन महिन्यांनी बल्ब उडतच असतील तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. १४ आणि वर थोडे ठीक, १५ च्या पुढे जात असतील तर दोष चार्जिंगचा आहे, बल्बाचा नाही.

दोन्ही ब्रेकलाइट एकदम बंद असतील आणि काचेजवळचा तिसराही लागत नसेल, तर मागे काही उघडूच नका. फ्यूज बघा, आणि पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो तो बघा. फ्यूज जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला.

एलईडीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. जुन्या दिव्यात एलईडी बल्ब घालायला माझा विरोध आहे. आतला आरसा तारेच्या जागेचा हिशोब धरून केलेला असतो, एलईडीचा उजेड तिथून निघत नाही. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबीसर दिसतो, आणि इंडिकेटरला लावला तर तो भराभर उघडझाप करायला लागतो, कारण गाडीला वाटतं एक बल्ब उडालाय. कंपनीतूनच एलईडी आलेल्या नव्या गाड्यांचं वेगळं. तिथे बहुधा बल्ब नसतोच, एक कोपरा गेला तरी अख्खा दिवा घ्यावा लागतो. तुम्ही त्या बाबतीत नशीबवान आहात.

अख्खी टेललाइट बदलावी अशी कारणं माझ्या मते दोनच. एक, काच फुटून मागे पांढरा उजेड सांडतोय. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा दिवा लालच दिसला पाहिजे, तोही १५५ मीटरवरून. लाल टेप हा घरी पोहोचण्यापुरता उपाय, तो वर्षभर मिरवू नका. दुसरं कारण, आत पाणी. सकाळी आतून वाफ धरते आणि दिवे लावले की जाते, ते चालायचंच. तळाशी पाणी हिंदकळत असेल तर मात्र काचेचा जोड उकलला आहे. बल्ब काढून दिवा दोन दिवस उन्हात ठेवा, जोडावर सिलिकॉन भरा आणि एक पावसाळा बघा. हवा खेळायला मागे बारीक भोकं ठेवलेली असतात, ती उत्साहाने बुजवू नका. आणि दिवा आणि बॉडी यांच्यामधली फोमची पट्टी चपटी झाली असेल तर ती आधी बदला, कारण तिथून पाणी थेट डिकीत उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. गाडीला कुबट वास का येतो हे कळायला मला एक गणपती लागला.

काच पुसायला शॅम्पूचं पाणी बास. पेट्रोल किंवा थिनरने चमकते खरी, पण त्या प्लास्टिकला नंतर जाळीसारखे बारीक तडे जातात.

घरी तपासायला माणूस नसेल तर संध्याकाळी गाडी उलटी भिंतीजवळ लावा, लाल उजेड भिंतीवर आरशातून दिसतो. मी दर शनिवारी सोसायटीच्या कंपाउंडला असंच करतो, वॉचमनला अजून वाटतं मला गाडी लावता येत नाही.

दिवा परत बसवताना स्क्रू फार आवळू नका, स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा कान तडकतो. माझ्या उजव्या दिव्याचा एक तडकलाय, तीन वर्षं तो दुसऱ्याच्या भरवशावर उभा आहे.