मार्कर मोजायला परदेशी येताय, तर आधी फ्रीझरबद्दल विचारा

तुमचा प्रश्न असा: नवजात शिशुविभागातलं काम थांबवून पीएचडीसाठी बाहेर यायचंय, विषय अकाली जन्मलेल्या बाळांचा बीपीडी (ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया) हा फुप्फुसाचा आजार आणि त्यातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंनी पेशींची होणारी हानी. होकार दोन आलेत. एक मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणू वजनावरून ओळखून मोजण्याची पद्धत) नावाजलेली प्रयोगशाळा, दुसरा बाळांचा दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा करणारा रुग्णालयातला गट. मी याच कामासाठी देश सोडला आणि इकडेच राहिलो. माझं मत दुसऱ्याला.

मार्करचा, म्हणजे ही हानी दाखवणाऱ्या, मोजता येणाऱ्या पदार्थांचा, तुटवडा कुणालाच नाही. लघवीतलं ८-आयसोप्रोस्टेन, रक्तातलं एमडीए, श्वासनलिकेतल्या स्रावातले प्रोटीन कार्बोनिल, यातलं काही ना काही पुढे बीपीडी होणाऱ्या बाळांत वाढलेलं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ते कारण की नुसती खूण? ही हानी रोखणारे अँटिऑक्सिडंट एन्झाइम गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात वाढतात, म्हणजे पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे ते मुळातच कमी. त्यालाच जास्त ऑक्सिजन, जास्त वेळा रक्त आणि जास्त दिवस शिरेतून पोषण द्यावं लागतं. रक्तातून लोह येतं, उजेडात राहिलेल्या पोषणद्रवात पेरॉक्साइड तयार होतात; दोन्हींनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. मार्कर यातलं काय सांगतोय, हे यंत्र वेगळं करून देत नाही.

उपचारांचा इतिहास बघा. २००३ साली ३०२ बाळांच्या चाचणीत श्वासनलिकेतून सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे अँटिऑक्सिडंट एन्झाइम दिलं. गर्भारपणापासून मोजलेल्या छत्तिसाव्या आठवड्याला बीपीडीत काहीच फरक नाही. पण वर्षभरानंतर त्या बाळांना दम्याची औषधं कमी लागत होती! पाठपुरावा नसता तर ती चाचणी फसली म्हणून फाइल बंद झाली असती. त्याच वर्षी आलेल्या, ३९१ बाळांवरच्या एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधाच्या चाचणीत बीपीडी कमी झाला नाही. याउलट कॅफीन. ते श्वास थांबू नये म्हणून देतात, पण २००६ च्या मोठ्या चाचणीत बीपीडी ४७ टक्क्यांवरून ३६ वर आला. अँटिऑक्सिडंट म्हणून ते कुणी दिलंच नव्हतं. बाळं श्वासाच्या यंत्रावरून आठवडाभर लवकर सुटली, बहुतेक त्याचाच हा फायदा.

आणि ऑक्सिजनच कमी केला तर? २०१० च्या सपोर्ट चाचणीत रक्तातल्या ऑक्सिजनच्या संपृक्ततेचं लक्ष्य ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर रेटिनोपथी आजार कमी झाला, पण रुग्णालयातून घरी जाण्याआधीचे मृत्यू १९.९ टक्के, ९१ ते ९५ च्या गटात १६.२. मार्कर खाली आणणं म्हणजे बाळ बरं होणं, हे गृहीत धरून प्रबंधाचा आराखडा लिहू नका. परीक्षक पहिला वार तिथेच करतील.

आता नमुन्यांकडे, कारण पीएचडीची बरीच वर्षं इथेच जातात. आयसोप्रोस्टेन नमुना नुसता ठेवला तरी त्यात तयार होत राहतात. उणे २० अंश सेल्सिअसवर साठवलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि अँटिऑक्सिडंट घालून उणे ८० वर ठेवलेला प्लाझ्मा यांचे आकडे एका तक्त्यात घालता येत नाहीत. एमडीए मोजणारी टीबार्स ही रंग-चाचणी स्वस्त, पण कावीळ झालेल्या बाळाच्या किंवा हिमोलाइज झालेल्या (लाल पेशी फुटलेल्या) नमुन्यात तिच्यावर माझा विश्वास नाही. लघवी किती पातळ आहे याचा फरक जावा म्हणून तिचे आकडे क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणाने भागतात, पण पहिल्या दिवसांत बाळाचं क्रिएटिनिन आईकडून आलेलं असतं आणि मूत्रपिंडही कच्चं. श्वासनलिकेतला स्राव तर फक्त नळी घातलेल्या बाळांचाच मिळतो. बरी झालेली बाळं अभ्यासातून आपोआप गळतात आणि शेवटी आजारी बाळांचीच तुलना आजारी बाळांशी होते. दगावलेल्यांना कुठल्या रकान्यात धरायचं, हेही आधीच ठरवा.

म्हणून दोन्हीकडे लेखी विचारा: अठ्ठावीस आठवड्यांच्या आतली किती बाळं वर्षाला दाखल होतात, रात्री नमुना कोण घेतं, तो किती मिनिटांत गोठतो, दोन वर्षांनी किती बाळं तपासणीला परत येतात, बीपीडी २००१ च्या व्याख्येने ठरवतात की २०१९ च्या. मास स्पेक्ट्रोमेट्री बाहेरून पैसे देऊन करून घेता येते; पाठपुरावा विकत मिळत नाही. प्रयोगशाळेकडे रुग्णालयाशी पक्का करार असेल आणि फ्रीझरमध्ये जुने, नीट साठवलेले, पुढची माहिती जोडलेले नमुने असतील, तर मात्र तिकडे जा. मी तरी गेलो असतो.

संशोधनाची जागा मिळाली म्हणजे बाळाला हात लावायची परवानगी मिळाली, असं नाही. वैद्यकीय नोंदणी वेगळी असते आणि तिला वेळ लागतो. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी यायला महिने जातात आणि शिष्यवृत्तीचं घड्याळ तोवर थांबत नाही, तेव्हा मंजूर प्रकल्पातच शिरता येईल का, ते विचारून ठेवा. शिवाय संमती घ्यायची ती बाळंतपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घाबरलेल्या आईबापांकडून. त्यांच्या भाषेत बोलता येईल इतकी तयारी निघण्याआधीच सुरू करा. जैवसांख्यिकीचा एखादा अभ्यासक्रम इकडे येऊन केलात तरी चालेल.