आंदोलन मागे कोण घेते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातील ऊस आणि दूध उत्पादकांच्या एका छोट्या संघटनेचा जुना कार्यकर्ता आहे. आमच्या नेत्यांनी ही संघटना स्वतःच्या घराकडे दुर्लक्ष करून उभी केली आणि त्यांच्या शब्दाला आजही गावोगावी मान आहे. मध्यंतरी ते आजारी पडले, तेव्हा महिनाभर संघटनेची एकही बैठक झाली नाही, कारण बैठक कोणी बोलवायची हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्यांचा मान राखून संघटना त्यांच्यापलीकडे कशी नेता येईल? ‘दुसरी फळी तयार करा’ असे सगळेच सांगतात, पण ती कशी तयार होते?
— एक कार्यकर्ता, राधानगरी

उत्तर : हा प्रश्न बहुधा नेत्याच्या शोकसभेनंतर विचारला जातो. आपण तो नेते हयात असताना आणि त्यांच्याविषयी आदर बाळगून विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘दुसरी फळी’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. नेत्याने निवडलेली, नेत्याच्या मर्जीने पुढे आलेली आणि व्यासपीठावर त्याच्या शेजारी बसणारी चार माणसे म्हणजे दुसरी फळी, असा आपल्याकडे तिचा अर्थ होतो. ही माणसे भाषणे उत्तम करतात, परंतु निर्णय घेण्याची सवय त्यांना कधी लागलेली नसते, आणि नेता गेला की आपल्यापैकी त्याच्या अधिक जवळचा कोण होता यावरच त्यांचे भांडण सुरू होते. संघटना नेत्यापलीकडे गेली आहे की नाही हे पाहायचे असेल, तर मी दोन गोष्टी तपासतो. सामान्य सभासदाला नेत्याला न विचारता स्वतःच्या गावात करता येईल असे एखादे काम त्या संघटनेने त्याला दिले आहे का, आणि आंदोलन मागे घेण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे?

पहिल्या गोष्टीसाठी सत्यशोधक समाजाचा इतिहास पाहावा. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात समाजाची स्थापना केली, तेव्हा अध्यक्षपद आणि खजिना दोन्ही त्यांच्याकडेच होते. पुढे काही वर्षांतच अध्यक्षपद डॉ. विश्राम रामजी घोले यांच्याकडे गेले आणि फुले समाजातच राहून काम करीत राहिले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांत स्वतंत्रपणे काम उभे केले. १८९० मध्ये फुले गेले, तरी १८९३ च्या सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान सावित्रीबाईंनी भूषविले. १८९७ च्या प्लेगात लोखंडे आणि सावित्रीबाई दोघेही गेल्यावर मात्र चळवळीला ओहोटी लागली, हेही तितकेच खरे आहे. मग ती पुन्हा उभी कशी राहिली? माझ्या मते त्याचे मोठे कारण असे की, समाजाने सभासदाच्या हाती एक ठोस कृती दिली होती. भटजीला न बोलावता आपल्या मुलीचे लग्न लावणे, ही ती कृती. ती करायला पुण्याहून कोणी येण्याची गरज नव्हती. मांडव आपल्या दारात, वऱ्हाडी आपल्या भावकीतले, आणि गावाचा रोष पत्करण्याचा निर्णयही त्या कुटुंबाचाच. ज्या घराने असे एक लग्न लावले, त्या घरापुरती चळवळ कोणा नेत्याची उरली नाही, ती त्या घराची झाली.

आपल्या कोल्हापुरात पुढे नेमके हेच पद्धतशीरपणे घडले. १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, भास्करराव जाधव यांच्यासारखे लोक पुढे आले, आणि १९१३ मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी शाळा निघाली. म्हणजे जी कृती पूर्वी धाडसावर अवलंबून होती, ती आता शिकवता येऊ लागली. गाणी आणि संवादांतून प्रबोधन करणाऱ्या सत्यशोधक जलशांच्या फडांनी तोच विचार गावच्या पारावर नेला, आणि जलसा करणारा शाहीर स्वतःच्या गावचे दाखले घालून स्वतःचे कवन रचत असे. तिकडे नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवीत होते, आणि त्यांनी ते १९६७ पर्यंत चालविले. शाहू महाराजांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूचे, पीठ निर्माण केले, तेव्हा या मुकुंदरावांनी त्यावर उघड टीका केली. ज्या राजाच्या आश्रयाने चळवळीला बळ मिळाले, त्याच्या निर्णयावर चळवळीतलाच संपादक टीका करू शकत होता, याचे महत्त्व मला फार वाटते. महाराज १९२२ मध्ये गेले. दसरा चौकाच्या परिसरातून जाताना त्यांच्या काळातील वसतिगृहे आजही दिसतात. मराठा आणि जैन वसतिगृहे १९०१ ची आहेत. महाराजांनी जागा दिल्या, अनुदाने दिली, परंतु कारभार त्या त्या समाजाच्या मंडळांनी पाहिला, म्हणून महाराजांच्या माघारी तो थांबला नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे उदाहरण घेऊ. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी १९८० मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकऱ्यांना जे दिले, त्यात सर्वांत टिकाऊ गोष्ट माझ्या मते उत्पादन खर्चाचे गणित ही होती. चाकणजवळच्या आंबेठाण येथील जोशींच्या शिबिरांतून परतलेला कार्यकर्ता आपल्या गावच्या चावडीवर बसून नांगरट, बियाणे, खत, पाणीपट्टी, घरच्या माणसांची मजुरी आणि कर्जाचे व्याज असे एकेक कलम मांडून दाखवीत असे, आणि ऐकणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी तेच गणित स्वतःच्या पिकाला लावून पाहत असे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या हिशेबामुळे खरी वाटत होती. संघटना पुढे दुभंगली, तिच्यातून अनेक संघटना निघाल्या, शरद जोशी २०१५ मध्ये गेले, तरी ते गणित गेले नाही. आज ऊसदराच्या प्रत्येक सभेत कोणी ना कोणी ते मांडतोच, मग झेंडा कोणत्याही रंगाचा असो. तेव्हा पहिल्या कसोटीवर ती चळवळ उतरली, असे मी म्हणेन.

दुसऱ्या कसोटीवर मात्र आपल्या भागातील बहुतेक शेतकरी संघटना उतरत नाहीत. आंदोलन सुरू करताना हजारो लोकांचे हात वर घेतले जातात. मागे घेताना मात्र शासकीय विश्रामगृहातील बंद खोलीत चार जण बसतात. बाहेर ऊसतोड थांबवून, ट्रॅक्टर अडवून, पोलिसांच्या काठ्या खाल्लेला शेतकरी उभा असतो, आणि पहिल्या उचलीचा, म्हणजे कारखान्याकडून मिळणाऱ्या उसाच्या पहिल्या हप्त्याचा, ठरलेला आकडा त्याला दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून कळतो. कदाचित तो आकडा त्या परिस्थितीत मिळू शकणारा सर्वोत्तम आकडा असेल. परंतु तो स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. अशा दोन-तीन हंगामांनंतर नेत्यावर ‘सेटलमेंट’चा आरोप होतो. तो खरा असो वा खोटा, त्याचा प्रतिवाद करू शकेल असा साक्षीदारच संघटनेत नसतो, कारण खोलीत काय झाले हे नेत्याशिवाय कोणाला माहीत नसते. माघारीचा अधिकार एकट्याकडे ठेवल्याने नेत्याचेही केवढे नुकसान होते, हे आपल्या नेत्यांना शांतपणे सांगून पाहावे. मला वाटते, त्यांना ते पटेल.

म्हणून माझी सूचना अशी की, नेत्यांच्या पदाला हात न लावता आधी चार कामे त्यांच्या हातून काढून घ्यावीत. मासिक बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, नेते आले नाहीत तरी सुरू व्हावी. नेत्यांची गाडी येईपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात दोन-दोन तास ताटकळलेले शेतकरी मी पाहिले आहेत. धारेची वेळ झाली म्हणून त्यातले निम्मे उठून जातात आणि उरलेल्यांपुढे भाषण होते. पावती पुस्तके आणि बँकेचे खाते यांवर नेत्यांच्या घरातल्या कोणाचीही सही नसावी, आणि जमाखर्च वर्गणीदारांसमोर वाचून दाखवावा. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहिले जावे आणि ते पुढच्या बैठकीत वाचून कायम व्हावे. आणि अधिकाऱ्यांशी किंवा कारखान्याशी वाटाघाटीला जाताना नेत्यांबरोबर दरवेळी दोन नवे सभासद असावेत, त्यांतली एक शक्यतो स्त्री असावी, आणि ठरलेली बोलणी सभेपुढे ठेवून हात वर करून मंजूर झाल्याखेरीज आंदोलन मागे घेतले, असे कोणी जाहीर करू नये. दूध घालायला रोज डेअरीवर जाणाऱ्या बायका फॅट आणि दराचा हिशेब जितका जाणतात, तितका आपल्या कार्यकारिणीतील किती पुरुष जाणतात, याचाही या निमित्ताने विचार व्हावा.

यातून एखादे वेळी असे होईल की नेत्यांचे मत एक आणि सभेचे मत दुसरे पडेल. त्या दिवशी सभेचे मत चालले आणि नेते दुसऱ्या दिवशी पूर्वीच्याच उत्साहाने कामाला आले, तर आपली काळजी बरीचशी मिटली असे समजावे.

प्रश्न : नेत्यानंतर त्याच्या मुलाकडे किंवा मुलीकडे नेतृत्व दिले तर निदान फूट तरी टळते, असा अनुभव नाही का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : काही काळ टळते, हे मान्य केले पाहिजे. घराण्याच्या नावावर मतभेद झाकले जातात आणि निवडणूकही लढवता येते. परंतु नेत्याच्या मुलांनी काम करून, सभासदांकडून निवडून येऊन पुढे येणे वेगळे आणि उत्तरकार्याच्या दिवशी त्यांच्या नावाची घोषणा होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पंचवीस वर्षे राबलेल्या कार्यकर्त्याला कळून चुकते की, या संघटनेत आपल्याला एका मर्यादेपलीकडे जागा नाही. तो भांडत नाही, फक्त हळूहळू यायचा थांबतो.

फुटीची भीतीही आपण थोडी जास्त बाळगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष थोड्याच वर्षांत फुटला व नंतरही फुटत राहिला. त्या फुटीने राजकीय ताकदीचे मोठे नुकसान केले, यात शंका नाही. तरीही फुटीच्या त्याच काळात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, आणि वस्त्यावस्त्यांतली बुद्धविहारे, जयंती मंडळे, वाचनालये व गायनपार्ट्या कोणत्याही गटाच्या आदेशाची वाट न पाहता चालू राहिल्या. राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो देताना त्यांनी स्वतःच्या अनुयायांना वगळले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : मग नेताच नको, असे ठरवले तर? २०१६ च्या मराठा मूक मोर्चांना नेता नव्हता, तरी ते इतके मोठे झाले.
— एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : १५ ऑक्टोबर २०१६ चा कोल्हापूरचा मोर्चा ज्यांनी पाहिला, त्यांना त्या शिस्तीचे विस्मरण होणार नाही. त्या मोर्चांत मुली आणि स्त्रिया पुढे चालत आणि राजकीय पुढारी सर्वांत मागे, निवेदनही मुलीच देत. एवढ्या मोठ्या समूहाला एका चेहऱ्याची गरज नसते, हे त्यांनी सिद्ध केले. पण निवेदन दिल्यानंतर सरकारशी पुढची बोलणी कोणी करायची, कोणत्या मागणीवर किती ताणायचे आणि समाजाच्या वतीने शब्द कोणी द्यायचा, याची व्यवस्था त्या रचनेत नव्हती. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या त्याच प्रश्नावरचे आंदोलन अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील या एका व्यक्तीभोवती उभे राहिले, ते मला या रिकाम्या जागेचेच एक फलित वाटते. त्या मागणीच्या बाजूने कोणी असो वा विरोधात, संघटनेच्या दृष्टीने हा बदल अभ्यासण्यासारखा आहे.

माझे म्हणणे असे की नेते असावेत, मात्र ते एकाहून अधिक असावेत आणि त्यांच्या वर एक बैठक असावी. आपल्याच कोल्हापूर शहरातील, रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचे आंदोलन त्या बाबतीत मला अधिक उपयोगी वाटते. त्या सर्वपक्षीय कृती समितीत निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहणारे पक्ष एकत्र बसत, पेठापेठांतील तालीम मंडळे आपापल्या भागातून माणसे आणत, आणि प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ त्यात अग्रभागी असले तरी आंदोलन कोणा एकाच्या नावाने ओळखले गेले नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉ. पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. शहरावर एवढा आघात होऊनही टोलचा लढा मागे पडला नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला कोल्हापूरचा टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. आपण विद्यार्थिनी आहात, तर या समितीत बसलेल्या, आज हयात असलेल्या कार्यकर्त्यांना भेटून त्यांच्या बैठका कशा चालत, मतभेद झाल्यावर निर्णय कसा होई आणि पत्रकारांशी कोणी बोलायचे हे कसे ठरे, याची नोंद आताच करून ठेवावी. त्या पिढीतील अनेक जण वयोवृद्ध आहेत, आणि प्रा. एन. डी. पाटीलही २०२२ मध्ये आपल्यातून गेले.