पावसाळ्यात घरात सायकल चालवायची तर कुठलं ॲप?

अरे, आधी तुझा ट्रेनर, म्हणजे सायकल बसवून जागच्या जागी चालवायचा स्टँड, बघ. स्मार्ट, म्हणजे ॲपप्रमाणे आपोआप जड-हलका होणारा, नसेल तर स्क्रीनवर चढ आला तरी पेडल जड होणार नाही, मग पैसे भरून उपयोग काय? स्मार्ट असेल तर मायवूशपासून सुरुवात कर, ते फुकट आहे. एकट्याने कंटाळा येत असेल तर झ्विफ्ट, तिथे सोबत मिळते. रूव्हीत खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ. ट्रेनररोडवर देखावा नाही, नुसता आलेख. पण एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकणारी ताकद, वाढवायची असेल तर मला तेच पटतं.

आणि मुंबईच्या दमट हवेत ॲपच्या आधी मोठा पंखा घे, अगदी समोर लाव. हँडलवर टॉवेल हवाच. खारट घामाने हेडसेटचे, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचे, बोल्ट गंजतात.