‘मक्याने उंचीशी जुळवून घेतले’ हे वाक्य बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डोंगराळ शेतीवर मराठी फलक तयार होतो आहे. त्यात ‘मक्याने थंडीमुळे आपली जनुके बदलून उंचीशी जुळवून घेतले’ असं वाक्य आहे. ते चालेल का? आणि अडॅप्टेशन व अ‍ॅक्लिमटायझेशन या दोन्हींना ‘अनुकूलन’ म्हणावं का?

दोन्हींना एकच शब्द नको. मुंबईहून विमानाने लेहला उतरलेल्याला पहिले एक-दोन दिवस आराम करायला सांगतात. सुमारे ३,५०० मीटरवरच्या विरळ हवेला शरीर हळूहळू सरावतं. घरी परतल्यावर काही आठवड्यांत हा सराव मोडतो, आणि मुलांना तो वारशाने मिळत नाही. याला सरावणं किंवा रुळणं म्हणावं. त्याच लेहच्या शेतातला जव मात्र सरावलेला नाही. थंडीत टिकणाऱ्या झाडांचं बी पिढ्यान्‌पिढ्या राखत तो तसा घडला आहे. ‘अनुकूलन’ हा शब्द याच्यासाठी राखून ठेवावा. (फलकावर ‘सातू’ लिहू नका. सातू म्हणजे जवच, पण आज दुकानात सातू मागितला की भाजलेल्या गहू-डाळ्यांचं पीठ हातात पडतं.)

तिसरा शब्द आहे मानवणं. महाबळेश्वरची हवा स्ट्रॉबेरीला मानवते. तिथली मातृरोपं परदेशातून येतात आणि त्यांच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर सरपटत जाणाऱ्या फुटव्यांपासून, लागवडीची रोपं करतात. रनरचं रोप जनुकांनी हुबेहूब आईसारखंच. म्हणजे निवड व्हायला वावच नाही, म्हणून इथे ‘अनुकूलन’ लिहिणं चूक ठरेल.

आता मूळ वाक्य. त्यातली खरी चूक ‘थंडीमुळे’ या शब्दात आहे. थंडी हवा तो बदल घडवून आणत नाही. काही झाडांत तो आधीच असतो, आणि थंडीत ती झाडं जास्त दाणे देतात. म्हणून ‘थंडीमुळे’ऐवजी ‘थंडीत’ हवं. एका प्रत्ययाने कार्यकारण सरळ होतं. ‘मक्याने … आपली जनुके बदलून’ हेही नडतं, कारण त्यातून झाडाने ठरवून काही केल्याचा भास होतो.

मक्याचं उदाहरण मात्र उत्तम निवडलं आहे. मेक्सिकोतल्या बाल्सास खोऱ्याच्या उबदार भागात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मका रानगवतापासून माणसाळला. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे सखल भागातलं वाण वर नेलं की ते पक्व व्हायला फार वेळ घेतं आणि दाणा भरण्याआधीच हिमकडाका गाठतो. वरच्या भागात ‘मेक्सिकाना’ हा मक्याचा रानटी नातलग आधीपासून होता. त्याच्याशी संकर होऊन त्याची काही जनुकं मक्यात आली. चौथ्या गुणसूत्रावरचा एक लांब तुकडा उलटा बसलेला आहे, तो त्याच्याकडूनच आल्याचं मानतात. उलटा असल्यामुळे सरळ तुकड्याशी त्याची अदलाबदल सहसा होत नाही, आणि त्यातली जनुकं एकत्रच पुढच्या पिढीत जातात. अँडीजमध्ये मका चढला तेव्हा तिथे हा नातलग नव्हता. तिथलं अनुकूलन बरंचसं वेगळ्या वाटेने झालं.

फलकावर चित्र द्यायचं तर पानाचा खोडाला वेढणारा भाग जवळून दाखवा. मेक्सिकोच्या डोंगरी मक्यात तो गडद लाल आणि केसाळ असतो. पण इथेच गफलत होते. सखल भागातल्या मक्याचं कोवळं रोपही गार जमिनीत जांभळट पडतं, कारण गारठ्यात मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही. ऊब वाढली की ते पुन्हा हिरवं होतं. रंग दिसायला सारखाच, पण एक वारशाचा आणि दुसरा परिस्थितीचा.

दोन्हींतला फरक ओळखायला डोंगरावरचं आणि सखल भागातलं बी एकाच वाफ्यात, एकाच दिवशी लावतात. पहिल्या पिढीवरून निष्कर्ष काढू नये, कारण आईचं पोषण कसं झालं त्याचा परिणाम दाण्याच्या आकारात आणि रोपाच्या जोमात उतरतो. दोन्हींचा आपसात संकर होऊ न देता त्याच वाफ्यात तयार झालेलं बी पुन्हा पेरावं. त्याही पिढीत फरक टिकला, तर तो वारशाचा. डोंगरावर तो फायद्याचाही ठरत असेल, तर ‘अनुकूलन’ हा शब्द वापरायला हरकत नाही.

शीर्षकात ‘उंच मका’ किंवा ‘उंचीचा मका’ असेल तर तेही बदला. शेतकरी त्याचा अर्थ वाढीने उंच असाच घेईल. ‘डोंगरी मका’ स्वच्छ आहे. आणि वाक्य असं करता येईल: ‘डोंगरावरच्या थंडीत ज्या झाडांना दाणे धरले, त्यांचंच बी शेतकऱ्यांनी पुढे पेरलं, अशा शेकडो पिढ्यांत डोंगरी मक्याची वाणं घडली.’